पद्य-कादंबरी: पहिला भाग पूर्ण, आता सरावाची कविता

पहिला भाग हातावेगळा झाला. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन भाऊ एकाच शाळेत खो-खो खेळतात. आतापर्यंत थोरला 17 वर्षांखालच्या संघात होता आणि धाकटा 14 वर्षांखालच्या. यंदा धाकटा वरच्या गटात आला आणि घरातली चढाओढ मैदानावर आली. सगळी गोष्ट कवितेतच आहे, गद्याची एक ओळही नाही.

या टप्प्यात सर्वांत जास्त मेहनत थोरल्याच्या आवाजावर गेली. तो आक्रमणात, म्हणजे पाठलागात तरबेज, तर धाकटा पळतीत, म्हणजे संरक्षणात. आक्रमकानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय त्याला मागे फिरता येत नाही आणि गडी बसतात तो मधला पट्टा, म्हणजे मधली पाटीही ओलांडता येत नाही. संरक्षकाला यातलं कुठलंच बंधन नाही. बसलेल्या आठ गड्यांमधून तो हवा तसा या बाजूचा त्या बाजूला होतो. दोघांच्या स्वभावातला फरक खेळानं इतका नेमका मांडून ठेवलाय, की मी तो तसाच उचलला. थोरल्याच्या कवितेत धृपद नाही, एकही ओळ परत येत नाही. त्याच्यासाठी पादाकुलक हे वृत्त घेतलं, कारण आठ-आठ मात्रांच्या त्या चालीत पावलांचा ठेका आपोआप येतो:

त्याची पाठ नि माझा हात
धूळ उडाली डोळ्यांआत
वाकुन सुटला डावीकडनं
मागे नाही आता वळणं

धाकट्याला मुक्तछंद दिलाय. त्याची ओळ कधी एका शब्दावर थांबते, कधी अर्धं पान धावते. आवाज कुणाचा हे सांगायला वर नाव घालावं लागत नाही, याचा मला फार आनंद आहे.

थोरल्याचा नियम मी एकाच ठिकाणी मोडलाय. जिल्ह्याच्या सामन्यात त्याचा पाय मधल्या पाटीत पडतो, पंचांची शिट्टी वाजते. फाउल झाल्यावर आक्रमकाला उलट्या दिशेनं पळावं लागतं. म्हणून त्या कवितेच्या मध्यावर शिट्टी येते आणि तिथून आधीच्याच ओळी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या. वर जाताना ‘मी पोचलोच होतो’ ही ओळ बढाईची वाटते, उलट येताना तीच ओळ गळ्यात अडकते. आतापर्यंतच्या लिखाणातली ही माझी सर्वांत आवडती कविता.

आईसाठी ओवी. साडेतीन चरणांतला तो शेवटचा आखूड चरण तिला शोभतो. ती बोलणं नेहमी तिथेच तोडते. शाळेत असताना ती स्वतः खेळायची, हे मुलांना ठाऊक नाही आणि मी ते कुठे उघड सांगतही नाही. धाकटा संघात निवड झाल्याचं सांगतो, तेव्हा ती भाकरी थापता थापता एवढंच विचारते, ‘कितव्या तुकडीत?’ संरक्षणाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात आणि पहिल्या तुकडीचा मान वेगळा, हे खेळलेल्या माणसालाच सुचेल. थोरला ताटावरून मान वर करतो, आणि ओवी संपते.

वडिलांचं मात्र अजून जमत नाही. अभंगात घातले तर ते फार शांत, समजूतदार होतात. माझा माणूस तसा नाही. तो सामन्याला येतो, दोरीबाहेर मागे उभा राहतो, शेजारच्याला विचारतो, ‘हे आठ जण बसूनच राहणार का?’ त्या प्रश्नातला संकोच मला जपायचाय. सध्या त्याच्या कविता नुसत्या संवादाच्या ठेवल्या आहेत.

मैदान मॅटचं का नाही, असं काहींनी विचारलं होतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि तो मॅटवरचा खेळ मीही डोळे भरून पाहिलाय. पण गोष्टीत सामन्याआधी पाणी मारलेली माती लागते. चुन्याच्या रेषा दोघं भाऊच आखतात, आणि त्या रेषांवर माझ्या तीन कविता उभ्या आहेत.

आता दुसऱ्या भागाचं. भाऊ एकाच संघात असल्यामुळे सामन्यात ते कधीच आमनेसामने येणार नाहीत. म्हणून कादंबरीचा कळस अंतिम सामन्यात ठेवलेला नाही, आदल्या संध्याकाळच्या सरावात ठेवलाय. थोरला पाठलागावर, धाकटा पळतीवर. कवितेची आठ कडवी, बसलेल्या गड्यांसारखी: एक डाव्या समासाला टेकलेलं, पुढचं उजव्या. पहिली चार जमली आहेत. पाचव्यात धाकटा हाताच्या टप्प्यात येतो. थोरल्यानं खो दिला तर तो स्वतः खाली बसणार आणि भावाला टिपणार दुसराच कुणी. त्यानं सूर मारला तर फैसला त्याच्याच हातानं होईल. दोन्ही मसुदे लिहून झालेत. खो दिलेला मसुदा मला जास्त खरा वाटतो, पण त्यानंतरची तीन कडवी कुणाच्या आवाजात जातील ते ठरवायचंय.