एक कोंबडी बुधवारपर्यंत कशी पुरते?

रविवारी भाजलेल्या एका कोंबडीत तुमच्या घरची पाच माणसे बुधवारपर्यंत कशी जेवतात, हा प्रश्न मला भिशीत हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांच्या मनात आम्ही एक तर अर्धपोटी राहत असू किंवा शिळे खात असू अशी शंका असते, हेही मला दिसते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचे घर रायगड जिल्ह्यात समुद्रकाठच्या रेवदंड्याला आहे, म्हणजे ताटात मासळी असणे हीच येथली रीत. पण १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात जी थोडी ताजी मासळी येते तिचा भाव विचारण्याचेही धाडस होत नाही, आणि मग कोंबडीवाचून गत्यंतर नसते. माझी ही पद्धत त्या दोन महिन्यांतच बसली. रायगडात कोंबडी भाजणे म्हणजे खरे तर पोपटी, वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात, थंडीच्या दिवसांत शेतावर केलेली. पोपटीतले काही उरवावे हा विचार आजवर कोणाच्या मनात आलेला नसेल. पावसाळ्यात शेकोटी पेटवायची सोय नसल्यामुळे मी ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, वापरते.

खरेदीपासूनच सांगते. भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्या कोंबडीचा, हे आधी विचारावे. साधारण दोन किलोची जिवंत कोंबडी साफ झाल्यावर दीड किलोच्या आत येते. आमच्या बाजूला बहुतेक दुकानांत पिसांसकट साल ओढून काढतात, त्यामुळे सालीसकट अख्खी हवी असेल तर तसे आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. सालीची मिळाली नाही तर तेल चोळून वरून केळीचे पान झाकावे, मांस कोरडे पडत नाही. कलेजी आणि पेटा मागून घ्यावा, ते आपल्याच पैशांचे असतात.

शनिवारी रात्री कोंबडीला तीन लहान चमचे मीठ, हळद, लिंबू आणि आले-लसूण-हिरव्या मिरचीचे वाटण आतून-बाहेरून चोळते. लाल मसाला मी मुद्दाम लावत नाही, कारण तो एकदा लागला की पुढच्या दोन्ही जेवणांना तीच चव येते आणि घरातील माणसे उष्ट्यासारखे तोंड करतात. रविवारी दोनशे अंशांवर सव्वा तास भाजते. खालच्या ट्रेमध्ये बटाटे आणि अलिबागचे पांढरे कांदे असतात, ते गळणारी चरबी पिऊन घेतात. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर निघणारे पाणी गुलाबी नसेल तर कोंबडी शिजली असे समजावे.

आता मुख्य गोष्ट. काटकसर होते ती कापताना, आणि तीही ताट वाढण्यापूर्वी, ओट्यावर. अख्खी कोंबडी मध्ये ठेवून ज्याने त्याने हवे ते घ्यावे, असे केले तर ती त्याच दुपारी संपते, याचा अनुभव मी घेतलेला आहे. रविवारी मी फक्त तंगड्यांचे चार तुकडे आणि दोन पंख वाढते, सोबत ते बटाटे, कांद्याची कोशिंबीर, भात आणि सोलकढी. कोणालाही कमी पडत नाही, कारण आमच्याकडे हाडाचाच तुकडा सर्वांना हवा असतो आणि छातीचे मांस म्हणजे कापूस, असे सासूबाईंचे स्पष्ट मत आहे. ते कापसासारखे मांस, पाठीला चिकटलेले कण धरून, साधारण चारशे ग्रॅम निघते. ते हातानेच सोडवून दोन डब्यांत भरते, मंगळवारचा डबा फ्रीजमध्ये आणि बुधवारचा थेट बर्फाच्या कप्प्यात. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवे. आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून उशीर परवडत नाही.

ताटात चघळलेली हाडे मी घेत नाही, सांगाडा मात्र त्याच दुपारी कुकरमध्ये जातो. अडीच लिटर पाणी, एक कांदा, आल्याचा तुकडा, दहा-बारा मिरी, आणि शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर पाऊण तास. पातेल्यात हेच काम तीन तास घेते आणि वाचवलेले पैसे गॅसमध्ये जातात. गाळलेले पाणी गार करून फ्रीजमध्ये ठेवले की थरथरणाऱ्या जेलीसारखे घट्ट होते, तो हाडा-सांध्यांतून उतरलेला चिकटपणा असतो, आणि वर जमलेली चरबी मंगळवारच्या फोडणीला उपयोगी पडते. एका जुलैत रात्रभर आणि दुसऱ्या दिवसभर वीज गेली होती, तेव्हा हे सगळे मी वास घेऊन मुकाट्याने ओतून दिले. तेव्हापासून वीज गेली की तास-दोन तासांतच ते बाहेर काढून खळखळून उकळते.

सोमवारी आमच्याकडे वार असतो, त्यामुळे त्या दिवशी डाळ-भात. मंगळवारी भाजलेला कांदा आणि सुके खोबरे वाटून, घरचा मसाला घालून त्या पाण्याचा रस्सा करते. त्यात चार बटाटे शिजवून घेते आणि मांस अगदी शेवटी घालते. रस्सा चांगला उकळू द्यायचा, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, नाहीतर दोरे होतात. पाण्यात मीठ आधीच उतरलेले असते, म्हणून चव पाहूनच घालावे. तांदळाची भाकरी बरोबर असली की तुकडे किती आले हे कोणी पाहत नाही, रस्सा मात्र दोनदा मागितला जातो.

बुधवारची युक्ती माझी नाही, ती आपल्या प्रत्येक घरात आहे. मूठभर सोड्यांत, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीत, वांगे-बटाट्याची भाजी पाच जणांना पुरते, आणि सोडे कमी पडले अशी तक्रार कोणी करत नाही, कारण तेथे सोडे पोट भरण्यासाठी नसून भाजीला चव देण्यासाठी असतात. राहिलेल्या मांसाला मी सोड्यांसारखेच वागवते. मंगळवारी रात्री तो डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवते, बुधवारी सकाळी मांस बारीक चिरून लसूण, मसाला आणि आमसुलावर परतते आणि वांगे-बटाट्याच्या भाजीत घालते. त्यातलेच दोन चमचे ओले खोबरे घालून घावण्यात गुंडाळले की मुलांचा डबा होतो. शेवटचे वाटीभर पाणी सासूबाईंच्या मऊ भातात जाते. गुरुवारी पुन्हा वार असल्यामुळे बुधवारी रात्री सगळे संपलेलेच असावे लागते.

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, की हे गावठी कोंबडीचे करता येईल का. गावठी कोंबडी अशी भाजली तर चामड्यासारखी होते. ती मिळाली असेल तर यातले काहीही करू नका, सरळ वडे तळा आणि एका दिवसात संपवा.