तडा प्रसरणाने जात नाही

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात आणि थंड झाल्यावर आकुंचन पावतात, हे एका धड्यात येते. उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी पसरते, हे दुसऱ्याच धड्यात येते. या दोन गोष्टी अशा वेगळ्या शिकवल्या जातात हे मला फार खटकते, कारण काच का तडकते किंवा रूळ का वाकतो याचे उत्तर या दोहोंपैकी कोणत्याही एका धड्यात पूर्ण मिळत नाही. एखादी वस्तू सर्व बाजूंनी सारखीच तापली, सगळी एकाच पदार्थाची असली आणि तिला कोणी अडवून धरलेले नसले, तर ती निमूटपणे थोडी मोठी होते आणि निवली की पूर्ववत होते. तिच्यात कुठेही ताण निर्माण होत नाही. तडा जातो तो एक भाग वाढू पाहतो आणि शेजारचा भाग त्याला वाढू देत नाही म्हणून, आणि हा बेबनाव किती मोठा होणार हे बऱ्याच वेळा उष्णता कोणत्या वेगाने कुठे पोहोचते यावर ठरते.

प्रसरण मुळात का होते, याचे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. तापमान वाढले की अणूंची कंपने वाढतात हे खरे आहे, पण कंपने दोन्ही बाजूंना सारखीच वाढली असती तर अणूंमधले सरासरी अंतर होते तेवढेच राहिले असते. खरी गोष्ट अशी की दोन अणूंना एकमेकांच्या जवळ ढकलणे फार अवघड असते आणि एकमेकांपासून दूर ओढणे त्या मानाने सोपे असते. म्हणून कंपन वाढले की अणू जवळच्या बाजूपेक्षा दूरच्या बाजूला अधिक सरकतो आणि सरासरी अंतर वाढते. बंध जितके घट्ट, तितके प्रसरण सामान्यतः कमी. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंश सेल्सिअसला साधारण 12 मायक्रोमीटर वाढते, ॲल्युमिनियमची 23, साध्या काचेची 9, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेची 3.3, आणि शुद्ध वितळवलेल्या क्वार्ट्‌झची जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. आकडे क्षुल्लक दिसतात, पण 300 मीटर उंचीच्या लोखंडी मनोऱ्याचे तापमान 40 अंशांनी बदलले तर त्याच्या उंचीत सुमारे 14 सेंटिमीटरचा फरक पडतो.

आता काचेकडे वळू, कारण या विषयातले बहुतेक सगळे काचेत पाहायला मिळते. जाड काचेच्या भांड्यात एकदम उकळते पाणी ओतले की आतला पृष्ठभाग लगेच तापतो, पण काच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागाला त्याची वार्ता उशिरा लागते. तांब्याच्या तुलनेत काचेची वाहकता काही सहस्रांश पटच असते. त्या मधल्या काळात आतला थर पसरू पाहतो, बाहेरचा थर जागचा हलत नाही, आणि परिणामी बाहेरचा थर ताणला जातो. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही, आणि पृष्ठभागावर आधीच असलेल्या एखाद्या सूक्ष्म ओरखड्यापासून तडा सुरू होतो. जाड काच अधिक मजबूत म्हणून गरम पाण्याला अधिक टिकेल, हा समज इथेच कोसळतो: थराची जाडी दुप्पट झाली की उष्णता आरपार पोहोचायला लागणारा वेळ सुमारे चौपट होतो, म्हणजे तापमानातला फरक अधिक काळ टिकतो. बोरोसिलिकेट काच या प्रसंगातून सुटते ती उष्णता अधिक चांगली वाहून नेते म्हणून नव्हे, तर मुळात पसरतेच कमी म्हणून.

हाच दोष माणसाने किती कौशल्याने गुणात बदलला आहे ते टफन्ड काचेत दिसते. काच 600 अंशांच्या वर, म्हणजे मऊ होऊ लागेपर्यंत तापवतात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंवर थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी निवून कडक होतो. आतला गाभा नंतर निवतो आणि आकुंचन पावताना कडक झालेल्या पृष्ठभागाला आत ओढू लागतो. अशा रीतीने पृष्ठभाग कायमचा दाबात राहतो आणि गाभा ताणात. पुढे काचेला बाहेरून ताण बसला तरी आधी हा साठलेला दाब संपावा लागतो, आणि तोवर ओरखड्यातून तडा पुढे सरकत नाही. साधी काच तापमानातला सुमारे 40 अंशांचा फरक सहन करते, तर टफन्ड काच 200 अंशांच्या आसपासचा. मात्र तडा एकदा गाभ्यापर्यंत पोहोचला की साठलेली सगळी ऊर्जा मोकळी होते आणि पूर्ण काचेचा क्षणात चुरा होतो.

जाता जाता एक प्रश्न, जो विचारला की भलेभले अडखळतात: धातूची चकती तापवली तर तिच्या मधले भोक लहान होते की मोठे? मोठे होते, आणि ते भोक त्याच धातूने भरलेले असते तर जेवढे वाढले असते तेवढेच वाढते. चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवतात ती याच कारणासाठी.

पदार्थाला वाढायला जागाच दिली नाही तर काय होते, हे रुळांवरून कळते. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट ठेवत. आता कित्येक किलोमीटर सलग जोडलेले रूळ टाकतात, आणि ते पसरत कसे नाहीत असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. स्लीपर आणि खडी यांनी जखडलेला असल्यामुळे रूळ मधल्या भागात लांबीने वाढतच नाही. वाढण्याऐवजी तो दाब साठवतो, दर अंशाला साधारण 2.4 मेगापास्कल इतका. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात 30 अंशांच्या वाढीने जवळपास 55 टन वजनाएवढा रेटा तयार होतो. म्हणून रूळ जखडताना त्या प्रदेशातल्या उन्हाळ्या-हिवाळ्याच्या मधले एक तापमान निवडतात, जेणेकरून उन्हात दाब आणि थंडीत ताण दोन्ही आवाक्यात राहतील. खडी ढिली पडली तर हा दाब बाजूने वाट काढतो आणि रूळ नागमोडी होतो.

प्रसरण आणि उष्णतेचा प्रवास यांचे नाते उलट दिशेनेही चालते, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अभिसरण हे प्रसरणाचेच अपत्य आहे: तापलेला द्रव पसरतो, हलका होतो, म्हणून वर जातो. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नाही अशा अंतराळयानात तो वर जात नाही, आणि तिथे मेणबत्तीची ज्योत निमुळती न राहता गोल होते. पाणी 4 अंशांखाली निवताना आकुंचन पावण्याऐवजी पसरू लागते, त्यामुळे तळ्यात त्या तापमानाखाली अधिक थंड पाणी वरच राहते, बर्फ पृष्ठभागावर धरतो आणि पुढची उष्णता त्या बर्फातून मंद वहनानेच बाहेर पडू शकते.

हा विषय किती टोकापर्यंत नेता येतो याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीचे आहे. तिच्या 6.5 मीटरच्या आरशाचे बेरिलियमचे 18 तुकडे पृथ्वीवर सामान्य तापमानात घासले गेले, पण त्यांना काम करायचे होते उणे 220 अंशांच्याही खाली. म्हणून प्रत्येक तुकडा आधी तेवढा थंड करून त्याचा आकार कुठे किती बदलतो ते मोजले गेले, आणि मग सामान्य तापमानात तो मुद्दाम तेवढाच चुकीचा घासला गेला. निर्वातात वहन किंवा अभिसरणाने उष्णता पोहोचत नाही, येते ती प्रारणानेच. ती अडवण्यासाठी दुर्बिणीला पाच थरांची छत्री आहे. उन्हाकडचा थर पाणी उकळण्याच्या जवळ जाईल इतका तापतो, आणि सावलीतले आरसे निवून आकुंचन पावतात तेव्हाच त्यांना हवा तो आकार येतो.