मशीन माझं, मग परवानगी कोणाची?

‘सर, मशीन माझंय, पैसे म्या मोजलेत. लिनक्स मोकळं हाय म्हणता, मग ते मलाच परमिशन कामून मागायलंय?’

परभणी-नांदेडकडच्या पॉलिटेक्निकच्या पोरांपासून तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणाऱ्यांपर्यंत सगळे हा प्रश्न विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले, जुन्या मशीनवर विंडोज ११ बसेना, म्हणून बऱ्याच जणांनी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू या लिनक्सच्या प्रणाली टाकल्या. प्रश्नाच्या पोटात दुसराही प्रश्न असतो, हे परवानगीचे, पासवर्डचे कठडे काढून कसे टाकायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निघतात, आणि ते काढायचा पाना तुमच्याच हातात दिलेला असतो. पण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. ओव्हरलोड रिले सारखी ट्रिप व्हायला लागली की काही जण तिच्यात काडी खोचून ठेवतात. त्या दिवशी पाणी मिळतं. मग एखाद्या रात्री एक फेज जातो, मोटार दोन फेजवर गुरगुरत राहते आणि वाइंडिंग जळून जातं. काडी खोचायला मालकाला कोणी अडवत नाही, रिवाइंडिंगचं बिलही त्यालाच येतं. रिले ट्रिप का होत होती, हे मात्र शेवटपर्यंत कोणी बघितलेलं नसतं.

कमांड खाली उच्चारानं लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं, आणि सांगितलं नसेल तिथं छोटीच.

आधी त्या ‘परमिशन डिनाइड’चं बघू. उबुंटू, मिंटवर रूट खात्याला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, कुलूपच असतं. इन्स्टॉल करताना जो पहिला युजर तुम्ही बनवता, त्याला ‘सुडो’ वापरून रूटचं काम करता येतं. म्हणजे मशीन कुठल्या कंपनीची परवानगी मागत नाही, तुमचाच पासवर्ड तुम्हाला विचारतं. का विचारावा? कारण तुमच्या नावानं चालणारं सगळं तुम्ही स्वतः चालवलेलं नसतं. ब्राउझर, त्यातलं एक्स्टेंशन, कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधली स्क्रिप्ट, हे सगळं तुमच्याच नावावर चालतं. पासवर्डपाशी ते अडतं.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. एकदा पासवर्ड दिला की त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, साधारण १५ मिनिटं सुडो परत विचारत नाही. तेवढ्या वेळात कुठून तरी कॉपी करून चिकटवलेली सुडोची ओळ बिनविचार चालून जाते. काम झालं की ‘सुडो -के’ मारा, म्हणजे ते लगेच विसरतं.

आता काडी खोचायचा लिनक्समधला प्रकार, ७७७. पोरं अपाची हा वेब सर्व्हर बसवतात, प्रोजेक्टची फाइल ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’मध्ये टाकायला जातात, परवानगी नाही असं येतं. मग कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, ‘सुडो सीएचमॉड, कॅपिटल आर, ७७७’. सीएचमॉड म्हणजे परवानगी बदलायची कमांड, कॅपिटल आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. एवढ्याशा फोल्डरला ते मारलं तर लगेच काही फुटत नाही, फक्त कोणालाही कुठलीही फाइल बदलायची मोकळीक मिळते. पण स्लॅशनंतर चुकून एक स्पेस पडली की मशीनला ‘/’ एवढंच वेगळं दिसतं, आणि सगळ्या प्रणालीवर ७७७ बसतं. पुढं काय होतं ते नीट बघा. सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी नावाची खूण असते, तिच्या जोरावरच ती रूट म्हणून चालते. ७७७ नं ती खूण पुसली जाते. मग सुडोच म्हणतं, मला रूटची मालकी आणि सेटयूआयडी खूण पाहिजे. म्हणजे दुरुस्तीला सुडो पाहिजे आणि सुडोलाच दुरुस्ती पाहिजे. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन एक सुडो सरळ करता येईल, पण बाकीच्या हजारो फाइलींची मूळ परवानगी काय होती हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. तिथून पुढं स्नॅपशॉट (प्रणालीची आधी जपून ठेवलेली प्रत) असेल तर तो, नसेल तर नवं इन्स्टॉलेशन.

बरोबर उपाय एका ओळीचा आहे. ‘सुडो सीएचओन, कॅपिटल आर’, मग तुमचं युजरनेम, मग त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. मालकी तुमची झाली की फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं, म्हणजे बदलायची मुभा मालकाला, बाकीच्यांना फक्त वाचायची. अपलोड होणाऱ्या फोटोंसाठी अपाचीला लिहायची परवानगी लागते, ती त्या एकाच फोल्डरला, अपाचीच्या ग्रुपच्या नावावर द्या.

इथं माझी एक तक्रार आहे. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ला २००६ पासून कठडा आहे. ‘आरएम -आरएफ /’ म्हटलं तर ते नकार देतं, पुसायचंच असेल तर ‘नो-प्रिझर्व्ह-रूट’ हा लांबलचक पर्याय हातानं लिहावा लागतो. ‘सीएचमॉड’मध्ये तसाच पर्याय आहे, पण तो मुळात बंद ठेवलेला. तो चालू ठेवला असता तर कोणाचं काय गेलं असतं, मला कळत नाही. आरएमच्या कठड्यालाही भगदाड आहेच. स्लॅशपुढं चांदणी (*) टाकली की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचणारा प्रोग्राम, आधी तिच्या जागी सगळ्या फोल्डरांची नावं भरून देतं. आरएमला नुसता स्लॅश दिसतच नाही, ते निमूट पुसत सुटतं.

कठडा कसा नसावा याचा दाखला २०२१ चा आहे. एक नामांकित यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सच्या प्रणालीवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर बसवत होता. पॅकेजांच्या गोंधळामुळं खिडकीतल्या सॉफ्टवेअर स्टोअरनं नकार दिला. तो टर्मिनलवर गेला. एपीटीनं, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडनं, इशारा दिला की यात अत्यावश्यक पॅकेजं निघून जातील, आणि पुढं जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं अक्षर न् अक्षर लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. डेस्कटॉपच उडालं. लोक त्याला हसले, पण मी त्याला फार दोष देत नाही. गेम बसवायला निघालेल्या माणसाला वाटतं की हीही एक पायरी असेल. जो माणूस रोज पन्नास ठिकाणी ‘आय ॲग्री’ दाबतो, त्याच्याकडून एक वाक्य लिहून घेतलं म्हणजे त्यानं वाचलं असं होत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एपीटी २.३.१२ आलं आणि नेहमीच्या वाटेवरून तो प्रश्नच काढून टाकला. अत्यावश्यक पॅकेज काढायचंच असेल तर तसा पर्याय आधी स्वतः शोधून कमांडमध्ये घालावा लागतो. मोकळीक तेवढीच राहिली, फक्त नकळत तिथं पोचायची वाट बंद झाली.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवाल्यांनी कठडा चांगला बांधलाय. डेबियन १२, उबुंटू २४.०४, मिंट २२ वर पायथनची लायब्ररी बसवायला नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं येतं, आणि पोरं वैतागतात. कारण असं की प्रणालीची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. मिंटचा अपडेट मॅनेजरही पायथनमध्येच लिहिलेला आहे. पूर्वी सुडो लावून पिप चालवलं की एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती जुनीच्या पुढं येऊन बसायची, आणि चार दिवसांनी अपडेट मॅनेजर उघडेनासा व्हायचा. त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानातही यायचा नाही. आता ओलांडायचा पर्याय आहे, पण त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. काय मोडणार ते नावातच सांगितलंय. इतकी प्रामाणिक पाटी मला दुसरीकडं दिसली नाही.

आणि ती ओलांडायची गरज फारशी पडतच नाही. प्रकल्पासाठी पायथनचा वेगळा फोल्डर बनवता येतो. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हीएनव्ही’, मग ‘पायथन३ -एम व्हीएनव्ही प्रकल्प’, मग ‘सोर्स प्रकल्प/बिन/ॲक्टिव्हेट’. टर्मिनलवर ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘प्रकल्प’ दिसलं की हवं तेवढं पिप करा. बिघडलं तर तो एक फोल्डर पुसा आणि नवा बनवा. नवं टर्मिनल उघडलं की ॲक्टिव्हेट परत करावं लागतं. ‘काल चालत होतं, आज मॉड्यूल सापडत नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा तेच विसरलेलं असतं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे अपडेट चालू असताना लाइट जाणं. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर हे होणारच. पॅकेजं अर्धवट उलगडलेली राहतात आणि पुढचं काहीच बसत नाही. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमानं. बहुतेक वेळा एवढ्यावर गाडी रुळावर येते.

पण मशीन नुकतंच चालू केलं असेल तर ‘कुड नॉट गेट लॉक’ असंही येऊ शकतं. तिथं लॉकची फाइल पुसून टाका असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. पाठीमागं आपोआप होणारं अपडेट चालू असतं म्हणून ते कुलूप आहे. पुसलंत तर दोन कामं एकाच वहीत एकाच वेळी लिहायला लागतात, आणि वही फाटली की कुठलं पॅकेज बसलंय याचा हिशोबच जातो. संदेशात प्रोसेसचा क्रमांक दिलेला असतो. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. त्यानंतरही अडलेलंच असेल तर त्या क्रमांकाची प्रोसेस खरंच जिवंत आहे का ते ‘पीएस’नं बघा.

सिक्युअर बूटबद्दल, म्हणजे मशीन चालू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीबद्दल, थोडक्यात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथं काही सेकंदांत कळ दाबून ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा हुकला की ड्रायव्हर लोड होत नाही, आणि लोक थेट बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. करा, तुमचा हक्क आहे. पण त्याच मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर ते पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा.

मला विचाराल तर अडवणाऱ्या कठड्यापेक्षा परत वर यायच्या पायऱ्या जास्त कामाच्या. आपल्या भागातल्या जुन्या बारवा बघा. वालूरची ती गोल फिरत खाली जाणारी बारव घ्या, पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत आणि त्याच पायऱ्यांनी वर येता येतं. मिंटनं २०१८ मध्ये हेच केलं. आधी त्यांचा अपडेट मॅनेजर धोक्याचे वाटणारे अपडेट मागं ठेवायचा, त्यात सुरक्षेचेही काही अडकायचे. मिंट १९ मध्ये त्यांनी टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं सॉफ्टवेअर पुढं आणलं. सगळे अपडेट घ्या, बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत जा.

टाइमशिफ्ट लावताना तीन ठिकाणी लोक चुकतात. स्नॅपशॉटची जागा एक्स्ट४ सारख्या लिनक्सच्या पार्टिशनवर लागते, एनटीएफएस पेनड्राइव्ह चालत नाही. पहिला स्नॅपशॉट जवळजवळ प्रणालीएवढी जागा खातो, पुढचे फक्त बदलाएवढी. रूट पार्टिशन छोटं असेल तर रोजचे दोन, आठवड्याचा एक एवढेच ठेवा, नाहीतर डिस्क भरून लॉगिनच होणार नाही. आणि होम फोल्डर त्यात मुळात धरलेला नसतो. म्हणजे तुमच्या फाइली, ग्राहकांची कागदपत्रं त्यात नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, वेगळा.

सेवा केंद्रवाल्यांना जास्त सांगायचंय. तुम्ही मालक आहात, पण खुर्चीवर ऑपरेटर बसतो. मोकळीक मालकाला, ऑपरेटरला ‘स्टँडर्ड’ खातं, हे ‘युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये दोन मिनिटांत होतं. आणि बायोमेट्रिक मशीन किंवा डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर चालतो का, हे विंडोज पुसायच्या आधी विक्रेत्याला विचारा. पुसल्यावर नव्हे.

फोनचं गणित मात्र उलटं आहे, आणि तिथं माझंही मत डगमगतं. अँड्रॉइडचा पाया मुक्त स्रोताचा, कर्नल (प्रणालीचा गाभा) लिनक्सचं. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके (ॲप बसवायची फाइल) येते, वडीलधारं माणूस ती उघडतं, ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी चोरतं. अशा ॲपांना आळा घालायला २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (फोनचा पडदा वाचायची, त्यावर बटणं दाबायची) परवानगी सहज देता येत नाही, सेटिंगमध्ये जाऊन तीन टिंबांखालचा पर्याय दाबावा लागतो. पण चोर फोनवर बोलत असतो. तो गोड बोलून तेही दाबून घेतो. संगणकावर तुम्ही स्वतःहून कठडा चढता, इथं कोणी तरी हात धरून चढवतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की प्रमाणित (गूगलनं मान्यता दिलेल्या) फोनवर फक्त ओळख पटवलेल्या विकासकांचीच ॲप बसतील, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. मुक्त ॲपचं भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडनं त्याला कडाडून विरोध केला, आणि मग गूगलनं जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं. वडिलांच्या फोनसाठी मला हा नियम बरा वाटतो. तरी हा कठडा म्हणवत नाही. हे झाकण आहे, आणि किल्ली कंपनीच्या खिशात. २००७ च्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीनं घरगुती उपकरणांपुरती अशीच किल्ली मालकाला द्यायची अट घातली होती, पण लिनक्सचं कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. बूटलोडर (फोन चालू करणारा प्रोग्राम) उघडून मोकळं व्हायचं असेल तर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, चोराच्या हाती लागू नये म्हणून तो पुसलाच पाहिजे, आणि नंतर बँकेची, यूपीआयची ॲप चालायला नकार देऊ शकतात. रोजच्या फोनवर हे करू नका, जुन्यावर करा.

आणि एवढं ऐकूनही ज्याला कठडे तोडूनच बघायचेत, त्यानं व्हर्च्युअलबॉक्स घ्यावा, म्हणजे मशीनच्या आत खोटं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात मिंट, दोन कोर, ४ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. इन्स्टॉल झालं की मशीन बंद करून तिथलाच एक स्नॅपशॉट घ्या. मग त्या आतल्या मशीनवर, खिडकी तीच आहे याची दोनदा खात्री करून, स्लॅशवर ७७७ मारा आणि नंतर सुडो काय म्हणतं ते वाचा. बघून झालं की स्नॅपशॉटवर परत या, आणि आता चांदणीवालं आरएम मारून बघा.