काळ्याखाली निळा

तान्हा पोळा, रात्री

गिटारचा नेक, म्हणजे लांब दांडा, आज खोलावाच लागला. आषाढापासून तारा इतक्या वर गेल्या होत्या की बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवायचं मी सोडूनच दिलं होतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेक पुढे झुकतो, तारा उचलतात. इकडे हे दरवर्षीचंच. एरवी ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळीला) चावी लावून थोडी फिरवली की भागतं, पण माझ्या गिटारमध्ये रॉडचं तोंड नेकच्या बुडाशी आहे, बॉडीच्या खाचेत. म्हणजे आधी तारा ढिल्या करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उपसा, आणि मग चावी.

चारही स्क्रू निघाले तरी नेक हलेना. खाचेतल्या रंगानंच त्याला धरून ठेवलं होतं. अंगठ्यांनी नेट लावला तसा टक् करून सुटला आणि काठावरचा नखाएवढा काळा टवका माझ्या मांडीवर पडला. टवक्याची आतली बाजू निळी. जिथून तो उडाला तिथेही निळा. आणि निळ्याच्याही खाली, अगदी कडेला, पिवळट-तपकिरी सनबर्स्टची, म्हणजे मधून कडेकडे गडद होत जाणाऱ्या कारखान्याच्या रंगाची, एक रेघ.

म्हणजे ही गिटार कारखान्यातून निघाल्यावर दोनदा रंगवलेली आहे.

सेकंडहँड गिटार घेणारे जाणते लोक आधी ही खाचच पाहतात. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कारखान्यात 1960 च्या दशकात, साधारण 1963 पासून, रंग मारताना बॉडी धरायला आणि टांगायला या खाचेत एक काठी स्क्रूनं पक्की करत. काठीखालच्या लाकडाला रंग लागत नसे. त्या काळातल्या स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची) खाच या काठापासून त्या काठापर्यंत रंगलेली दिसली की शंका घ्यायची. रंग बदललेल्या जुन्या फेंडरची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजारातला हिशेब आहे. माझी काही फेंडर नाही. स्ट्रॅटच्या घाटाची कोरियन, तीही प्लायवूडची. खाचेच्या भिंतीवर प्लायचे पदर स्पष्ट दिसतात. हिची किंमत निम्मी व्हायला मुळात आहेच किती? पण यवतमाळला ज्याच्याकडून घेतली त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "कंपनी कलर आहे भाऊ, कोनाचाच हात नाही लागला." ते टोचतंय.

मायनं ओसरीवरून पाहिलं. "काऊन रे, तोंड पाडून बसला?"

सांगितलं.

"मंग? आपल्या लाकडी बैलाले दरसाल रंग देतोच ना आपन? त्याले कोन म्हनते डुप्लिकेट?"

आज गल्लीभर पोरं ताजे रंगवलेले लाकडी बैल ओढत बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरत होती, त्यामुळे तिचा मुद्दा बिनतोड वाटला. पण बैल आपण विकत नाही वं माय, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी

भाऊजींच्या कृषी केंद्रात नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा आहे. गिटारवाले असाच दिवा वापरतात. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर (गिटारवरचा चमकदार लेप) त्याखाली हिरवट-पिवळा चमकतो आणि नंतर मारलेला रंग वेगळा उठून दिसतो. बियाण्यांच्या पिशव्यांमागे अंधार करून गिटार धरली. काळा रंग मख्ख काळाच राहिला. ज्या फडक्यानं पुसली होती त्याचे धागे तेवढे निळे चमकले. भाऊजींनी गिटार खरी असल्याचा निर्वाळा दिला आणि दिवा परत गल्ल्याशेजारी ठेवला.

मग चाचांकडे गेलो. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं मोटारसायकलींचं डेंटिंग-पेंटिंग आहे. त्यांना दिवाबिवा काही लागला नाही. पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) काढायला लावलं (प्लास्टिकवर थिनर गेला तर ते वितळतं), कापसाच्या बोळ्यावर एनसी थिनर (लॅकर विरघळवणारं द्रव) घेतला आणि पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागी घासला. बोळा लगेच काळा झाला. दुसरा बोळा निळ्यावर घासला, तो पांढराच राहिला.

"हे दोन हाताचं काम होय," चाचा म्हणाले. काळा म्हणजे डब्यातला स्प्रे, खाली नीट घासलेलंसुद्धा नाही, म्हणून टवके उडतात. निळा मात्र हार्डनर घालून मारलेला, म्हणून थिनरनं सुटत नाही. आधी प्रायमर, मग वॉटर पेपर, मग रंग, वर क्लियर (बिनरंगी लेप). कडेच्या वळणावर त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला. कुठे ओघळ नाही, कुठे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे नाहीत. "गाडीवाल्याचा हात आहे. चांगला पेंटर होता." आपल्या धंद्यातल्या कुणाची तारीफ चाचांच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

गाडीचा रंग गिटारवर, यात कमीपणा काहीच नाही. फेंडरनंही तेच केलं. सनबर्स्ट सोडून दुसरा रंग हवा असेल तर ते ड्यूपाँट कंपनीचे मोटारींसाठीचे ड्युको आणि ल्युसाइट रंग वापरत. त्यांचा प्रसिद्ध फिएस्टा रेड 1956 च्या फोर्ड थंडरबर्डवरचा. कारखान्यातच सनबर्स्टवर दुसरा रंग मारून बाहेर पडलेल्या गिटारीही आहेत.

चाचांनी बॉडी तिरक्या उन्हात धरली तेव्हा मात्र दोघंही थांबलो. काळ्याखाली, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) खालच्या अंगाला, अक्षरांच्या कडा. नंबर प्लेटवर लावतात तसल्या रेडियमची अक्षरं कुणीतरी खरवडून काढलेली, आणि घासण्याचा कंटाळा करून त्यावरच काळा मारलेला. बोटाला "जय" लागतं. पुढचं लागत नाही, तिथे जोरात खरवडलंय.

जय काय? आमच्याकडे जय भीम असेल, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेववाल्यांचं जय गुरु असेल, गोंडांचं जय सेवा असेल. पण रंग निळा आहे. 14 एप्रिलला गावोगावच्या स्टेजवर भीमगीतांच्या पार्ट्या वाजतात आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांवर हाच निळा असतो. मी पैज त्यावरच लावेन.

रविवार

विकणाऱ्याला फोन केला. "मले तशीच भेटली भाऊ." कुठून? "आता काय आठवते." ठेवला.

दोन दिवस राग नेमका कशाचा येतोय हे शोधत होतो. दोनदा रंगवली याचा नाही. निळा ज्यानं मारला त्याला ती वाजवायची होती, स्टेजवर आपली म्हणून दिसायला हवी होती, आणि त्यासाठी त्यानं चांगल्या पेंटरला पैसे मोजले. काळा मारणाऱ्याला ती फक्त विकायची होती. कदाचित त्यानं विचारही केला असेल की निळी गिटार आणि त्यावरचं "जय" पाहून काही गिऱ्हाईकं हात मागे घेतील. त्याचा हिशेब चुकीचा होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. लग्नाच्या ज्या ऑर्केस्ट्रात मी वाजवतो तिथे ही गिटार निळी घेऊन गेलो असतो तर कुणी तोंडावर बोललं नसतं, पण पुढच्या सुपारीला मला बोलावणं आलंच असतं, याची खात्री नाही. दुकानात ती निळी लटकलेली असती तर मी काय केलं असतं? घेतली असती असं आत्ता वाटतंय. आत्ता वाटणं सोपं आहे.

चाचांना काळा काढायला सांगितलंय. तो थिनरनं निघेल आणि खालच्या निळ्याला धक्का लागणार नाही, असं ते म्हणतात. पण वरचा हात दिवाळीनंतरच. त्यांच्याकडे लॅकरचंच क्लियर आहे आणि हवेत ओल असताना लॅकर मारला की पांढुरकी धूसर झाक धरतो. सनबर्स्टपर्यंत जायचं का, असंही त्यांनी विचारलं, वेळ लागेल पण निघेल म्हणाले. नको म्हटलं. अक्षरांच्या जागेवर वॉटर पेपर लावायचा नाही, हे त्यांना दोनदा बजावलं.

"नाही लावत. पन वर क्लियर माराच लागन."

क्लियरचे पैसे वेगळे.