गिअरबॉक्स गेला तेव्हा गाडी का विकली नाही

‘बारा वर्षांच्या गाडीत अडुसष्ट हजार घातलेत, त्यापेक्षा विकून का नाही टाकलीत?’ सोसायटीत, माहेरी, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून हा प्रश्न येतच असतो. हल्ली त्याच्या मागोमाग दुसराही येतो, ‘आमच्या गाडीचाही गिअरबॉक्स गेलाय, काय करू?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सगळं नीट सांगते.

माझी गाडी २०११ची. पेट्रोल, ऑटोमॅटिक, चार गिअरची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पुण्याच्या गर्दीत क्लच दाबत बसणं मला शक्य नाही. ही गाडी आहे म्हणून मी कराडला आईकडे एकटी जाऊ शकते. मे २०२३मध्ये अशीच निघाले होते. खंबाटकीचा घाट चढताना इंजिन एकदम गुरगुरायला लागलं, इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा चार हजारांच्या वर गेला आणि गाडी मात्र ओढेना. मागे ट्रकांची रांग, आत जळका वास. कशीबशी कडेला घेतली. एक जीपवाले थांबले, ‘ताई, टोचन करून खाली सोडतो’ म्हणाले. मी हो म्हणणारच होते, पण रोडसाइड मदतीच्या फोनवरच्या मुलानं थांबवलं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद. पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर आतले भाग कोरडेच घासत जातात. तीन तास उन्हात थांबले आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून आणली. ते तीन तास मला पुढे फार उपयोगी पडले.

सर्व्हिस सेंटरनं काहीही न उघडता सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल, १ लाख ९० हजार. जुन्या गाड्या घेणाऱ्या एजंटनं आहे त्या अवस्थेत ६० हजार देऊ केले. चालू असती तर दोन लाखांपर्यंत गेली असती. दोन लाखांच्या गाडीत जवळजवळ तेवढाच खर्च कोण करणार? त्या रात्री मी गाडी विकायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी आधी डिपस्टिक काढून तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. नवं तेल लालसर असतं. माझं काळपट होतं आणि जळलेलं. मग स्कॅनर लावला, खालचं ऑइल पॅन उघडलं. पॅनमधल्या चुंबकावर पिठासारखी बारीक पूड होती, पण लोखंडाचे कपचे नव्हते. त्यावरून ते म्हणाले की दातेरी चाकं शाबूत असावीत. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतात ते तेलाच्या दाबावर. तो दाब कुठल्या वाटेनं सोडायचा हे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे वॉल्व्ह, ठरवतात. माझा एक सोलेनॉइड नीट उघडत नव्हता, दाब कमी पडला, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या घसरल्या आणि घाटात जळल्या. सोलेनॉइड, चकत्या, सील, फिल्टर, नवं तेल, मजुरी मिळून ६८ हजार आणि सहा महिन्यांची लेखी हमी. त्यांनी विचारलं, तेल कधी बदललंत? बारा वर्षांत एकदाही नाही. आयुष्यभर बदलावं लागत नाही असं मला सांगितलं गेलं होतं आणि मी ते मानलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

‘गिअरबॉक्स गेला’ या दोन शब्दांवर कुणीच निर्णय घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. नेमकं काय गेलं ते आधी कळायला हवं. कधी नुसती वायरिंग असते, कधी सेन्सर. मॅन्युअल गाडीत तर पुष्कळदा क्लच प्लेट संपलेली असते आणि खापर गिअरबॉक्सवर फुटतं. विम्याची आशा धरू नका, झिजेमुळे आलेला बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

हिशोबही मी आधी चुकीचा मांडत होते. खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करत होते. पण गाडी विकून मी पायी थोडीच जाणार होते? मला ऑटोमॅटिकच हवी, आणि बरी सेकंड हँड ऑटोमॅटिक तेव्हा साडेतीन-चार लाखांखाली मिळत नव्हती. म्हणजे एजंटचे साठ हजार वजा करूनही वर तीन लाख. शिवाय त्या गाडीचं तेल कुणी कधी बदललं होतं, हे मला कोण सांगणार? माझ्या गाडीचं बरंवाईट निदान मला माहीत होतं. तरी काम सुरू करण्याआधी मी ती लिफ्टवर चढवून खालून पाहिली. पत्रा ठोकून बघितला, सस्पेन्शन, टायर, एसी तपासून घेतला. पत्रा सडलेला असता तर मी एक रुपयाही घातला नसता.

मावसबहिणीच्याही गाडीचा गिअरबॉक्स गेला होता, तिला मात्र मी याच्या उलट सांगितलं. तिची गाडी रत्नागिरीत चौदा वर्षं खाऱ्या हवेत उभी. दारांखालचा पत्रा बोटानं दाबला तरी चुरा व्हायचा. वर एसी बंद, नोंदणीचं एकच वर्ष उरलेलं. तिथे गिअरबॉक्स नवा घालून काय करायचं? एजंट तिला घेणाऱ्याचं नाव न भरताच गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून दे म्हणत होता. मी तिला तसं करू दिलं नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, जिचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तिचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलंय. तिनं मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात गाडी दिली. पैसे थोडे कमी आले, पण जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळालं. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. विकायचीच असेल तर बिघाड सांगून विका. घेणाऱ्याची बायकामुलंही घाटातूनच जाणार असतात.

माझी गाडी अजून चालते आहे. मध्ये एसीचा कॉम्प्रेसर गेला, अठरा हजार लागले. ते मी धरलेलं नव्हतं. गिअरबॉक्सचं तेल आता दर ४० हजार किलोमीटरला बदलायचं असं मेस्त्रींनी वहीत लिहून दिलंय. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते. मग पासिंग, नूतनीकरणाचे पाच हजार, वर पर्यावरण कर, आणि नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी. त्याआधी पुन्हा एकदा लिफ्टवर चढवून पत्रा ठोकून बघणार आहे.

तुमच्याही गाडीचं इंजिन नुसतं गुरगुरत असेल आणि गाडी ओढत नसेल, तर काय करायचं ते ठरेपर्यंत ती चालवू नका. आणि मेस्त्रींकडे दोरीनं ओढत नेऊ नका.