ईव्हीचं अपडेट अंबाजोगाईतच झालं, लातूरला न्यायची गरज पडली नाही

माझी इलेक्ट्रिक गाडी अंबाजोगाईत आणि सर्व्हिस सेंटर लातूरला. स्क्रीनवर सॉफ्टवेअरचं अपडेट आलंय म्हणून मेसेज दिसायला, पण डाउनलोड काही पुढं सरकंना. आमच्या खालच्या पार्किंगमध्ये रेंजच नाही आणि गाडीतलं सिम आपल्या मोबाईलसारखंच 4जीवर चालतं, मग फाईल येणार कुठून. कस्टमर केअरवाले सेंटरला आणा एवढंच म्हणायले. शेवटी लातूरच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या पोराला फोन लावला. तो म्हणला, "काका, गाडी मोकळ्यात लावा, डाउनलोड होऊ द्या, तेवढ्यात चालवली तरी चालतंय. इन्स्टॉलला मात्र उभीच पाहिजे."

गाडी रस्त्याकडंला लावली, फाईल आली. मग फाईल खरंच कंपनीचीच आहे का हे गाडी डिजिटल सहीवरून तपासती, सही जुळली नाही तर घेतच नाही. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली.

आता महत्त्वाचं. घरचे म्हणायले मधीच लाईट गेली तर? पण माझ्या गाडीत इन्स्टॉलच्या वेळी चार्जर काढूनच ठेवावा लागतो, मग लोडशेडिंगचा संबंधच ऱ्हात नाही. ब्रेक, मोटर, बॅटरी मॅनेजमेंट, सगळ्यांचे वेगळे छोटे कॉम्प्युटर असतात, ते चालतात मोठ्या बॅटरीवर नाही, वेगळ्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. काहींमध्ये जुनं सॉफ्टवेअर तसंच ठेवून नवं दुसऱ्या जागेत लिहितात, गडबड झाली तर जुन्यावर परत येता येतं, पण सगळ्यांना ही सोय नसती, म्हणून मधी करंट तुटला नाही पाहिजे. माझी ही 12 व्होल्टची बॅटरी लेड-ॲसिडची, आणि आपल्याकडच्या उन्हात तसली बॅटरी लवकर खराब होती, त्यामुळं मी आधी ती दुकानात चेक करून घेतली, आणि माझ्या मते हे प्रत्येकानं करावंच.

रात्री जेवणं झाल्यावर गाडी पीमध्ये म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये टाकली, दारं लावली, इन्स्टॉल दाबलं. स्क्रीन काळी झाली, खालून टक टक आवाज आले, आम्ही कुणीच हात लावला नाही. सकाळी सेटिंगमध्ये व्हर्जन नंबर बदललेला.

हवेतून आलेल्या फाईलनं काय होतं असं म्हणणाऱ्यांना सांगतो, 2018 ला टेस्लानं मॉडेल 3 चं ब्रेकिंग असंच सुधारलं, ताशी 60 मैलांवरून थांबायचं अंतर टेस्टमध्ये 152 फुटांवरून 133 फुटांवर आलं, एकही गाडी वर्कशॉपला न नेता. लहान गावातल्या मालकांना एवढी माहिती फोनवरच नीट द्यायला पाहिजे कंपन्यांनी. आणि अपडेटनंतर रीजनची (पाय उचलल्यावर मोटरच गाडी हळू करून बॅटरी चार्ज करती, त्याची) सेटिंग बघून घ्या, माझी मूळ लेव्हलला गेली होती, रस्त्यावर पाय उचलल्यावर गाडी वेगळीच वागायली.