फॉरमॅट न मारता कॉम्प्युटर सुधारला, पण ६२.३ टक्क्यांवर दीड तास काढला

आधीच सांगते, कोणी कॉम्प्युटर नीट न बघता "फॉरमॅट मारावा लागेल" (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं) म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. मला ऑगस्ट २०२५ मध्ये दोन ठिकाणी हेच सांगितलं, एकाने तर वरून असंही की ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपतोय, तुमच्या मशीनवर ११ जात नाही, नवीनच घेऊन टाका. कॉम्प्युटर नुसता चालू करून बघितला, बाकी काही नाही. तोच कॉम्प्युटर मी घरी बसून नीट केला आणि एकही फाईल गेली नाही. त्याचा राग अजून आहे म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहितेय.

मी कऱ्हाडला घरूनच पाच-सहा दुकानांचे हिशोब बघते. त्यातल्या एका हार्डवेअरवाल्या काकांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, ते माझ्याकडे टाकायचं होतं कारण त्यांचा जुलैचा डेटा त्यातच उघडतो आणि जीएसटीआर-१ ची (महिन्याच्या विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) शेवटची तारीख ११. गुरुवारी ७ तारखेला टाकायला घेतलं. सेटअप म्हणाला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (जुनी सॉफ्टवेअर चालायला लागणारा विंडोजचा एक भाग) पाहिजे. बरं म्हटलं, कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्समध्ये जाऊन टिक केलं, थोडा वेळ ते गोल फिरलं आणि एरर, ०एक्स८००एफ०८१एफ. परत केलं, परत तेच. हा नंबर आता मला माझ्या पॅन नंबरसारखा पाठ झालाय. याचा अर्थ एवढाच की विंडोजला ज्या मूळ फायली पाहिजेत त्या सापडत नाहीयेत. सॉफ्टवेअर खराब आहे असं नाही, म्हणून तेच सेटअप दहा वेळा डाऊनलोड करून उपयोग नाही (मी दोनदा केलं).

कारण मला नंतर लक्षात आलं. जुलैत पावसात अपडेट चालू असताना लाईट गेली होती आणि यूपीएसची बॅटरी मेलेली, तो दोन सेकंदसुद्धा टिकला नाही. तेव्हापासून कॅल्क्युलेटर कधी उघडायचा कधी नाही, मी दुर्लक्ष केलं.

पुण्याला माझा भाचा आयटीत आहे, त्याने फोनवर सगळं सांगितलं. कमांड मी इथे मराठीत लिहितेय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत. एक गोष्ट आधीच सांगते कारण माझी अर्धी संध्याकाळ त्यात गेली, प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस सोडायची, आणि कमांडमधला स्लॅश वेगळा आणि फोल्डरच्या पत्त्यातला बॅकस्लॅश वेगळा. आणि कमांड प्रॉम्प्ट नुसता उघडायचा नाही, राईट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर.

पहिली कमांड विंडोजच्या फायली तपासायची, एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. वीसेक मिनिटं लागली. शेवटी आलं की खराब फायली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. मला वाटलं संपलं. भाचा म्हणाला, "नाही गं मावशी, हे चांगलंय, निदान रोग कळला." त्याने समजावलं ते मला नीट पटलं. एसएफसी खराब फाईल काढून तिच्या जागी चांगली फाईल ठेवते, ती चांगली फाईल ती विंडोजमधल्याच विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमधून घेते. म्हणजे कणगीतून धान्य काढून डब्यात भरल्यासारखं. पण कणगीतलंच धान्य किडलं असेल तर डबा कितीदा भरा, किडकंच येणार. आधी कणगी साफ करायची, ते काम डिझमचं. म्हणून तुम्ही करणार असाल तर आधी डिझम आणि मग एसएफसी, मी उलट केलं आणि वेळ गेला.

आता खरी कटकट. डिझम, स्पेस, स्लॅश ऑनलाईन, स्पेस, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. एंटर. २० टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं, दहा मिनिटं काहीच नाही, मी विंडो बंद केली. हे करू नका!! भाच्याने फोनवर डोक्याला हात लावला. परत पहिल्यापासून. या वेळी ६२.३ टक्के. तिथेच. पाऊण तास झाला, तास झाला, ती काळी विंडो, त्यात तुटक रेघांचा पट्टा आणि मध्ये ६२.३. मी स्वयंपाक करून आले, ६२.३. जेवणं झाली, ६२.३. जिवंत आहे की मेलंय हे बघायचा उपाय म्हणजे टास्क मॅनेजर उघडून डिस्क किती टक्के चाललीय ते बघायचं, माझी खालीवर होत होती म्हणजे काम चालू होतं. दीड तासाने हललं, आणि शेवटी काय, परत तोच ०एक्स८००एफ०८१एफ. म्हणजे इंटरनेटवरूनसुद्धा त्याला चांगल्या फायली मिळाल्या नाहीत. रात्रीचे पावणेबारा. रडायचीच बाकी होते.

शनिवारी राखीपौर्णिमा होती, घरात पाहुणे, तरी डोक्यात तेच. भाचा म्हणाला आता फायली बाहेरून द्यायच्या, म्हणजे विंडोजची आयएसओ फाईल, अख्खी विंडोजची सीडी एका फाईलमध्ये. माझ्याकडे विंडोजचा जुना पेनड्राईव्ह होता, पण तो आधीच्या व्हर्जनचा. आपलं व्हर्जन स्टार्टमध्ये विनव्हर टाईप केलं की दिसतं, माझं २२एच२ होतं, तेच पाहिजे. नवीन आयएसओ चार जीबीच्या वर, माझा रोजचा नेट दीड जीबी. शेवटी शेजारच्या वहिनींच्या वायफायवर मायक्रोसॉफ्टच्याच मीडिया क्रिएशन टूलने उतरवली, त्यांच्याकडचा नारळीभात खाईपर्यंत झाली. आयएसओवर डबल क्लिक केलं की ती नवीन ड्राईव्हसारखी उघडते, माझ्याकडे ई.

मग आधीच्याच कमांडला शेपूट जोडायचं, स्लॅश सोर्स कोलन विम कोलन आणि पुढे इन्स्टॉल डॉट विमचा पत्ता (आयएसओतल्या सोर्सेस फोल्डरमधली ही फाईल, विंडोजच्या सगळ्या फायली हिच्यातच बांधलेल्या असतात). चाललं नाही. का, तर फोल्डरमध्ये विम नव्हतीच, इन्स्टॉल डॉट ईएसडी होती, म्हणजे तेच गाठोडं आणखी दाबून लहान केलेलं. त्या टूलने उतरवलेल्या आयएसओत ईएसडी येते. म्हणून सोर्सेस फोल्डर उघडून डोळ्याने बघा, आणि ईएसडी असेल तर दोन्हीकडे विमच्या जागी ईएसडी लिहा. हे केलं, शेवटी कोलन १ टाकलं, चाळीस मिनिटं थांबले, परत तोच एरर.

इथे मात्र उत्तर मलाच सापडलं आणि त्याचा मला अजून आनंद आहे. तो शेवटचा १ म्हणजे आवृत्तीचा नंबर. एकाच फाईलमध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा बऱ्याच आवृत्त्या असतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाऊटमध्ये बघितलं तर माझं विंडोज नुसतं होम नाही, होम सिंगल लँग्वेज. आपल्याकडे विकत घेतलेल्या कंपनीच्या बऱ्याच मशीनवर हेच असतं. मग भाच्याला विचारून डिझम, स्पेस, स्लॅश गेट हायफन विमइन्फो, स्पेस, स्लॅश विमफाईल कोलन आणि ईएसडीचा पत्ता दिला, यादी आली. होम सिंगल लँग्वेज तिसऱ्या नंबरला! १ काढून ३ टाकला, शेवटी स्पेस देऊन स्लॅश लिमिटॲक्सेस, म्हणजे ते परत इंटरनेटवर शोधत बसत नाही. परत ६२.३ वर थांबलं, पण या वेळी मी हात लावला नाही. पंचवीस मिनिटांनी १०० आणि खाली ऑपरेशन सक्सेसफुल. मी भाच्याला फोटो पाठवला, तो म्हणाला, "मावशी, तू माझ्या कंपनीत ये."

पुढचं सोपं. एसएफसी परत, या वेळी सगळ्या फायली दुरुस्त. रीस्टार्ट. डॉट नेट टिक केलं, दोन मिनिटांत चालू, सॉफ्टवेअर पहिल्या फटक्यात बसलं. सोमवारी ११ ला दुपारी काकांचा रिटर्न भरला.

हे सगळं करायच्या आधी डिस्क तपासायला हवी होती ते राहिलंच सांगायचं, चेकडिस्क, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश स्कॅन, विंडोज चालू असतानाच होतं. डिस्कच खराब असेल तर दुरुस्त केलेल्या फायली परत जातील. आणि डेटा पेनड्राईव्हवर काढून ठेवा, मी गुरुवारीच काढला होता म्हणून निदान झोप लागली. यूपीएसची बॅटरी त्याच आठवड्यात बदलली, परवा अपडेट चालू असताना लाईट गेली, मशीन बंद पडलं नाही.